डाव्या हाताची तार

"बघितलं का तुमी?"

घराबाहेर पडताना ते कुलूप लावत, ओढून बघत, परत ओढून बघत, आणि मग वळून रस्त्यावर जो कोणी असेल त्याला हे विचारत. भाजीवाली असो, पोस्टमन असो, कचेरीला निघालेला माझ्यासारखा कारकून असो. "मी कुलूप लावलं. बघितलं का तुमी?" नुसती मान हलवून भागत नसे. "तोंडानं म्हना." समोरचा म्हणे, "बघितलं, काका, बघितलं." मग कुठे त्यांचा पाय पायरीवरून खाली उतरे.

असा एखादा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. त्याची लकब सगळ्या गल्लीची होऊन जाते. आमच्याकडे पोरं चेंडू सीमेपार गेला की ओरडत, "बघितलं का तुमी?" बायका नळावर हंडा ठेवताना एकमेकींना तेच म्हणत आणि तोंडाला पदर लावत. काका ऐकत असत. त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

भिंगारला जुन्या बाजारामागे मी खोली घेतली ती दुष्काळाच्या आदल्या वर्षी. नगरला सरकारी कचेरीत चिकटलो होतो. मी बी. ए. होतो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी फायनलची पायरीसुद्धा चढलं नव्हतं, म्हणून ती अक्षरं मी ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने लिहून घेतली होती. कुणी हसलं तर हसो. दिव्याखाली डोळे जाळून मिळवलेली वस्तू होती, चोरून आणलेली नव्हती.

ट्रंक आत नेताना शेजारचे हे काका ओट्यावर बसले होते. साठीकडे झुकलेले, अंगात खाकी अर्धी चड्डी आणि बंडी. त्यांनी ट्रंकेवरचं नाव बोट लावून वाचलं.

"बी. ए. म्हंजी तुमची साक्ष कोर्टात चालती का?"

"साक्ष कुणाचीही चालते, काका."

"तसं न्हवं. अडान्याला वकील फिरवतो. तुमाला कोन फिरवनार?"

त्या दिवसापासून माझी साक्षीदार म्हणून नेमणूक झाली. कुलूप, कडी, स्टोव्हची चावी, सायकलचा स्टँड, सगळ्याला माझी साक्ष. मला नावाने त्यांनी कधी हाक मारली नाही. "काय बी. ए., बघितलं का?" "बघितलं, काका." खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. कचेरीत माझ्या पदवीला कुणी चहासुद्धा विचारत नव्हतं.

समोर एक शिंपी बसायचा, जिभेचा तिखट. तो एकदा म्हणाला, "काका, तुमी शिंगणापूरला ऱ्हायला जा. तिथं घरांना दारंच न्हाईत. इचारायची कटकट मिटली."

काका थोडा विचार करून म्हणाले, "तिथं शनिदेव बघतो. हितं कोन बघनार?"

शिंप्यानं सुईत दोरा ओवायला घेतला.

त्यांच्या अंगणाला पत्र्याचं फाटक होतं. त्याला कडी नव्हती, तांब्याची तार पिळून ते बंद करत. पहिल्यांदा मी उघडायला गेलो तेव्हा तार सोडवू लागलो तर ती आणखीच आवळायला लागली. बोटं लाल झाली. आतून काकूंचा आवाज आला, "उलटी फिरवा, उलटी! आमच्या घरात समदं उलटंच हाय."

काका डावरे होते. तुम्ही-आम्ही तार पिळतो ती एका अंगाने, त्यांचा पीळ नेमका दुसऱ्या अंगाने बसायचा. "आईनं लई मारलं, हात बदलावा म्हनून," ते सांगत. "हात बदलला न्हाई. गाल तेवढा सुजला." लष्कराच्या कारखान्यात ते फिटर होते, तेव्हा तिथले साहेब नुसता पीळ बघून ओळखायचे, हे काम डावऱ्याचं. काही महिन्यांत माझ्याही बोटांना त्या तारेची सवय झाली. अंधारातसुद्धा मी फाटक उघडत असे, उलट्या अंगाने.

गल्ली त्यांना टोपवाले म्हणायची. टोप मात्र मी कधी पाहिला नव्हता. त्यांच्या घरात टोप नव्हताच.

होतं ते बाकीचं सामान. लष्कराच्या लिलावात काकांनी पाण्याखाली उतरायचा एक जुना संच घेतला होता. लाकडी पेटीत हातपंप, त्याला दोन बाजूंनी दोन दांडे. रबर आणि कापडाची लांब नळी. शिशाची वजनं, दोरखंड. आणि तांब्याचा एक मोठा टोप, समोर काच, खांद्यावर टेकेल असा. माणसानं टोप घालून विहिरीत उतरायचं, वर दोघांनी पंप मारायचा, नळीतून हवा टोपात. नोकरी सुटल्यावर काका हा संच भाड्यानं द्यायचे. कुणाच्या विहिरीत इंजिनाचा पाईप पडायचा, कुणाची मोटार, कधी कुणाच्या सुनेची पाटली, आणि कधी सूनसुद्धा. नेवाशापासून पाथर्डीपर्यंत लोक बैलगाडी घेऊन यायचे.

भाड्यानं दिलेल्या वस्तूची काय दशा होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्या वस्तूला माणूस फुंकर घालतो, भाड्याच्या वस्तूला लाथ. एका गावानं टोप परत दिला तेव्हा आत सरकी चिकटलेली. म्हशीला त्यात पेंड चारली होती. "भांडं मोठं हुतं म्हनून," असं वर सांगितलं. दुसऱ्या एका गावानं जत्रेतल्या नाटकात राक्षसाला घालायला मागितला, भाडं दुप्पट देतो म्हणाले. काकांनी त्यांना ओट्यावरूनच परत पाठवलं. "हवेचं सामान हाय ह्ये. सोंगाचं न्हाई."

त्यानंतर त्यांनी नियम केला. सामान एकटं जाणार नाही, काका बरोबर जाणार. काम सुरू व्हायच्या आधी ते पंपावरच्या दोघांच्या तमाखूच्या चंच्या काढून घ्यायचे. माणूस पाण्याखाली आणि वरचा चुना मळत बसला, असं एकदा झालं होतं. काम झालं, माणूस वर आला, की ज्याची चंची त्याला परत. लोक रागवायचे. "तमाखूवाचून हात चालत न्हाई हो." काका म्हणायचे, "खाली त्याचा हवेवाचून चालत न्हाई."

हे सगळं मला त्यांच्या आणि काकूंच्या बोलण्यातून तुकड्या-तुकड्यानं कळलं. मी तिथं राहायला गेलो तेव्हा सामान भाड्यानं देणं बंद होऊन तीन-चार वर्षं झाली होती. तरी लोक यायचे. फाटकाशी उभे राहून विचारायचे, "टोपवाले, सामान मिळंल का?"

"दुरुस्तीत हाय."

हे त्यांचं दुसरं वाक्य. वर्षानुवर्षं सामान दुरुस्तीतच.

आणि खरंच असायचं. दर अमावास्येला ते सगळं अंगणात काढत. पंपाची कातडी वायसरं एरंडेलात भिजवत. नळीला साबणाचं पाणी लावून एक टोक तोंडात धरत, गाल फुगवून फुंकत, आणि फेसाचा कुठं बुडबुडा येतो का ते बघत. मग नळी पुसून तिला शंखजिऱ्याची पूड चोळत, गुंडाळून ठेवत. नळीच्या टोकाला पितळी नट होता. तो टोपावर बसायचा. त्याच्या कडेला एक बारीक भोक होतं. ते भोक काका बराच वेळ बघत बसत. त्यात काडी घालत, काढत, परत घालत.

"काका, टोप कुठे आहे?" मी एकदा विचारलं.

काकू आतून बाहेर आल्या आणि माझ्यापुढे चहा ठेवत म्हणाल्या, "बी. ए. सायेब, चहा गार व्हतो." मी परत विचारलं नाही.

माझं गाव तिसगावच्या पुढं. शनिवारी कचेरी सुटली की मी एस. टी.नं जायचो, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. एका सोमवारी काका फाटकाशी उभेच होते.

"बी. ए., तुमच्या शिवंला नानाची हीर हाय न्हवं? वढ्याच्या काठची?"

"आहे की."

"पानी कितीक हाय तिला?"

"भरपूर आहे. ती कधी आटत नाही."

"व्हय," ते म्हणाले. "त्येच तर."

पुढच्या खेपेला परत तेच. मला वाटलं, जमीनबिमीन घ्यायचा विचार असेल. पण त्या वर्षी पाऊस झाला नाही. दुसऱ्या वर्षीही आभाळ नुसतंच वरून गेलं. विहिरी एकामागून एक खडखडू लागल्या, माणसं खडी फोडायच्या कामावर गेली, छावण्यांत जनावरं बांधली गेली. आमच्या बाजूला पाणी राहिलं ते एका नानाच्या विहिरीत. माझी आई डोक्यावर हंडा घेऊन तिथवर जायची आणि ऊन चढल्यावर परतायची. त्या विहिरीचं पाणी लोक एरवी पीत नव्हते. मी शिकायला बाहेर होतो म्हणून मला ठाऊक नव्हतं; का, ते तेव्हा आईनंच सांगितलं. "त्या हिरीत नानाचा भाऊ गेला. सुदाम. पानबुड्या हुता तो, भिंगारला."

सोमवारी काकांनी विचारलं, "किती उतरलं?"

मी ताडकन बोललो. "काका, माझी आई त्या पाण्यावर जगते आहे. आणि तुम्ही मला दर आठवड्याला विचारता किती उतरलं? पाणी आटावं असं वाटतं का तुम्हाला?"

ते ओट्यावर बसले. बंडीचं टोक हातात घेऊन पिळत राहिले.

"वाटतं," ते म्हणाले. "पाप हाय. पन वाटतं. देवापाशी काय मागू सांगा तुमी? पाऊस मागितला तर टोप खाली ऱ्हातो. न्हाई मागितला तर मानसं मरत्यात. म्या देवळात जायचंच सोडलं."

मग त्यांनी सांगितलं. सुदाम त्यांच्याकडेच कामाला होता, उतरणारा तोच. पट्टीचा पोहणारा, अंगानं वेताच्या छडीसारखा, तोंडात कायम शीळ. काकांना पोरबाळ नव्हतं. सुदाम काकूंच्या चुलीपाशी बसून जेवायचा. त्याच्या भावाच्या, नानाच्या विहिरीत इंजिनाचा पाईप पडला. घरचं काम म्हणून भाड्याचा प्रश्नच नव्हता. नानानं तर कोंबडं कापलं होतं.

सुदाम खाली उतरला. पहिल्यांदा दोराला नीट इशारा आला. मग एकाएकी नळी हलकी झाली आणि तिचं टोक फुसफुसत वर आलं. टोपापासून सुटलं होतं. दोर ओढला. टोपाचे पट्टे सुदामनं खाली स्वतःच सोडले होते, पण वर येईपर्यंत उशीर झाला होता. टोप तळाशी गाळात गेला.

"नट फिरून सुटू नये म्हनून त्याच्या भोकातून तार ववून टोपाच्या कडीला बांधायची. शेवटचं काम त्येच. कायम म्याच करायचो," काका म्हणाले. "नट वर आला तवा भोकात तारंचा तुकडासुदिक नव्हता. तुटली असती तर तुकडा ऱ्हायला असता. नाना म्हनला, तुमी बांधलीच न्हाई. तुमी मारला त्याला."

"आणि तुम्ही बांधली होती?"

त्यांनी डावा हात माझ्यापुढे धरला. जणू तो हातच सांगणार होता.

"शेकडो डाव बांधली, बी. ए. डोळ्यापुढं आनतो तवा तार बांधताना दिसतोच मी मला. पन त्यो त्या दिवसाचा मी हाय का दुसऱ्या कुठल्या दिवसाचा, ह्ये कळत न्हाई. कुनी बघितलं असंल म्हनून समद्यांना इचारलं. कुनी बघितलं नव्हतं."

आता तुमच्या ध्यानात आलं असेल. माझ्याही आलं. ज्या वाक्याला सगळी गल्ली हसत होती, ते वाक्य हा माणूस कशापायी बोलत होता ते मला त्या सकाळी कळलं. टोपाच्या कडीला तार असेल नाहीतर नसेल. उत्तर विहिरीच्या तळाशी पडलेलं होतं. नानानं कुणाला त्या विहिरीत उतरू दिलं नाही, उपसूही दिली नाही. आणि आता ऊन ती उपसत होतं.

उन्हाळा टळटळीत झाला तसं नानाच्या विहिरीचंही पाणी गढूळलं. बायका आत उतरून वाटीनं पाणी भरू लागल्या. एका रविवारी मी आईच्या हंड्यासाठी तिथं गेलो तर नाना काठावर उभा होता. माझ्याशी तो कधी बोलला नव्हता.

"तुमी टोपवाल्याच्या शेजारी ऱ्हाता न्हवं?"

"हो."

"टोप दिसाय लागलाय म्हनावं. घिऊन जा."

एवढंच बोलून तो बांधाकडे गेला.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे एस. टी.नं निघालो. काकांनी धुतलेला सदरा घातला होता, डोक्याला टोपी. काकूंनी भाकरी बांधून दिली होती, तिला काकांनी हात लावला नाही. तिसगावपासून चालत जाताना मध्येच थांबले आणि म्हणाले, "नसली तर?"

मी म्हणालो, "असली तर?"

"मंग झोप लागंल," ते म्हणाले.

विहिरीवर माणसं जमली होती. पाण्याला आलेल्या बायका हंडे ठेवून उभ्या होत्या, माझी आईही त्यांत. नाना स्वतः खाली उतरला. गुडघाभर चिखलातून त्यानं तो टोप उपसला, पाटीत ठेवला, आणि वरच्यांनी पाटी ओढली. मी टोप पहिल्यांदा पाहत होतो. चिखलानं भरलेलं एक मोठं डोकं, काचेमागं नुसता गाळ.

काकांनी तो मांडीवर घेतला. चिखल बोटांनी निपटू लागले, मग टोपीनं पुसू लागले. पाणी कुणी देणार नव्हतं, मागायची सोय नव्हती. माझी आई पुढं झाली. दुपारपर्यंत वाटीवाटीनं भरलेल्या हंड्यातून तिनं एक तांब्या काढला आणि टोपावर ओतला. "धुवा त्याला," म्हणाली.

गाळ ओघळला. नळी बसायच्या जागेजवळ एक लहान कडी होती. त्या कडीत तार होती.

हिरवी पडलेली, पण होती. नटाकडचा फास उघडून सुटलेला, कडीकडचा पीळ मात्र जसाच्या तसा.

"तार हाय!" कुणीतरी ओरडलं. "नाना, तार हाय रं! बांधली हुती!"

नाना तोवर वर आला होता. त्यानं वाकून पाहिलं. मग चिखलाच्या हातानंच डोक्यावरची टोपी काढली आणि काकांच्या पायाशी बसला. एवढा आडदांड गडी. "काका, मी तुमाला नगं नगं ते बोललो. गावभर बोललो. तुमच्या दाराशी यिऊन बोललो..." आणि तो पाय धरायला वाकला.

"थांब," काका म्हणाले.

त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं त्या पिळावर ठेवली. नुसती ठेवली. बराच वेळ ती तिथंच होती. मग त्यांनी मान वर करून मला शोधलं.

"बी. ए. हिकडं या. बघा."

मी बघितलं. दोन वर्षं मी त्यांच्या फाटकाची तार सोडत आणि बांधत आलो होतो. मला नीट निरखावंसुद्धा लागलं नाही. हा पीळ तुमच्या-माझ्यासारखा होता. उजव्या हाताचा.

"बघितलं का तुमी?"

भोवती सगळी माणसं उभी होती, सुटल्यासारखे चेहरे झालेली. नाना पायाशी होता. 'नाही' म्हणालो असतो तर तिथंच सगळं मिटलं असतं, काकांना झोप लागली असती. निदान गावाला तरी लागली असती. मी नुसती मान हलवली.

"तोंडानं म्हना."

"बघितलं, काका."

नानानं विचारलं, "काय? काय बघितलं?"

"ही तार माझी न्हाई," काका म्हणाले. "माझा पीळ डावा असतो. ही सुदामनं बांधली, टोपाला आमा दोघांबिगर कुनी हात लावत नव्हतं. म्या इसरलो हुतो, त्यानं बघितलं, आन मला न बोलता बांधली. पन उलट्या अंगानं बसली. माझी तार नट फिराय लागला की आवळती. ही ढिली व्हत गेली."

"न बोलता का बांधंल तो?"

"बोलला असता तर म्या समदं खोलून पयल्यापास्नं जोडत बसलो असतो. त्याला ठावं हुतं. तुझं जेवान खोळंबलं असतं. आन समद्यांम्होरं माझी चूक निघाली असती." त्यांचा आवाज चढला नाही, उतरला नाही. "लाज राखली त्यानं माझी."

नाना उठला. मला वाटलं, आता हा मारतो. त्यानं टोपावर वाकून ती तार परत पाहिली, आधी पाहिली तशी नाही, वेगळ्या नजरेनं.

"म्हंजी ही सुदामच्या हातची हाय?"

"व्हय."

"मंग मला द्या."

काका सोडवायला गेले. पण त्यांची बोटं आयुष्यभराच्या सवयीनं फिरायची तशीच फिरली, आणि तार आवळली. परत फिरवली, परत आवळली. जुनी तार, आणखी एक वळसा बसला असता तर तुटली असती. शेवटी नानानं त्यांचा हात बाजूला केला. झटकला नाही, नुसता उचलून त्यांच्याच मांडीवर ठेवला. आणि उजव्या हातानं हळूहळू पीळ उकलला. ती वीतभर तार त्यानं टोपीच्या घडीत घातली, टोपी डोक्यावर चढवली, आणि घराकडे चालू लागला. माफ केलं म्हणाला नाही, नाही केलं असंही म्हणाला नाही.

परतीच्या गाडीत काका टोप मांडीवर घेऊन बसले, दोन्ही हातांनी कवटाळून. कंडक्टर मोठा हौशी होता. "काका, ह्याचं अर्धं तिकीट लागंल हां. नुसतं मुंडकं हाय म्हनून." गाडी हसली. काकांनी खिशात हात घातला आणि खरंच पैसे पुढे केले. कंडक्टर ओशाळून पुढं सरकला.

घाटात ते बोलले.

"आदी वाटायचं, बांधली का न्हाई. आता दिसतं, बी. ए. तो टोपाशी बसून तार बांधतोय. शीळ घालतोय. आन म्या पाठमोरा हाय."

"तुम्ही काय करत होतात तेव्हा?"

"म्या," ते म्हणाले, "चंच्या गोळा करत हुतो."

त्यानंतर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कुलूप लावलं, ओढूनसुद्धा बघितलं नाही, आणि खाली मान घालून बाजाराकडे गेले. शिंप्यानं मशीन थांबवलं. "काका, बघितलं बरं का आमी!" तो मुद्दाम ओरडला. काकांनी मागं न बघता हात वर केला. शिंपी माझ्याकडे बघत राहिला. गल्लीला काहीतरी हरवल्यासारखं झालं. पोरांनीही ते ओरडणं सोडलं.

अमावास्या आली आणि गेली. सामान अंगणात निघालं नाही. कुणी भाड्यानं विचारायला आलं तर ते "दुरुस्तीत हाय" असं म्हणत नसत. "सामान चांगलं हाय," म्हणत. "देत न्हाई."

टोप त्यांनी घरात खुंटीवर टांगला होता, काच भिंतीकडे करून. काकू एकदा मला हळूच म्हणाल्या, "रातचं उठून ती काच पुसत्यात. भिंतीकडं फिरवलेली हाय तरी."

उन्हाळा सरला आणि पाऊस झाला. नानाच्या विहिरीला पाणी आलं, आईनं सांगितलं. मी सोमवारी येऊन काकांना सांगितलं, विचारलं नव्हतं तरी. "बरं झालं," ते म्हणाले. त्या थंडीत छातीच्या दुखण्यानं ते गेले. सुदामच्या गावाकडून कुणी आलं नाही असं मला वाटलं होतं. पण तिसऱ्या दिवशी मी अस्थी गोळा करायला गेलो तर झाडाखाली नाना बसलेला दिसला. डोक्यावर तीच टोपी, घडी फुगलेली. कामाला हात लावला नाही. सगळं आटोपेपर्यंत बसला आणि मग एस. टी. स्टँडकडे चालत गेला.

काकू माहेरी भावाकडे राहायला गेल्या. सामान लिलावात आलं होतं तसंच लिलावात गेलं. टोप मात्र त्यांनी बरोबर नेला, लुगड्यात गुंडाळून. जाताना त्यांनी दाराला कुलूप लावलं. फाटक तसंच होतं. दवाखान्यात नेण्याआधी काकांनीच तार बांधली होती, ती कुणी सोडली नव्हती. तेव्हापासून सगळं येणं-जाणं लागून असलेल्या माझ्या ओट्यावरूनच होत होतं, काकूंनाही तिथूनच उतरवून घेतलं.

महिन्या-दोन महिन्यांनी नवा भाडेकरू आला. दारात हातगाडी, गाडीवर गाद्या, मागं बायको. तो फाटकाशी तारेबरोबर झटत होता. फिरवत होता आणि आवळत होता. "च्यायला, कुनी बसवली ही!"

मी ओट्यावर होतो. काही वेळ मी बघितलं.

"उलटी फिरवा," मी म्हणालो. "उलटी."

त्यानं फिरवली. तार लगेच सैल झाली आणि त्याच्या हातात आली. त्यानं ती सरळ करून पाहिली, पण ती पूर्ण सरळ होईना, वळसे तिच्यात तसेच राहिले होते. मग त्यानं ती कुंपणावर टाकली आणि फाटक सताड उघडलं.